लोखंडाचा दोष

माझी नात सई बेळगावात कॉलेजात शिकते आणि रविवारी सायकल हाणते. हाणते म्हणजे कोपऱ्यावर भाजी आणायला जात नाही. टोळकं करून घाट चढतात, कुळगीच्या जंगलातल्या तंबूत मुक्काम ठोकतात आणि उन्हानं करपून परत येतात. हौस म्हणून. गेल्या महिन्यात ती रामनगरला माझ्या दारात येऊन उभी राहिली ती एका नव्याच सायकलीवर. मैत्रिणीची होती, चालवून बघायला मागून आणलेली. हिचा घोळ असा, की आता स्वतःची घ्यायची तर अॅल्युमिनियमची घ्यावी का स्टीलची. टोळक्यात दोन तट पडलेले. अर्धे म्हणतात अॅल्युमिनियम हलकं, गंजत नाही. अर्धे म्हणतात स्टील हाताला मऊ लागतं, धक्के पोटात घेतं, तुटलं तर गावातला वेल्डिंगवाला सुद्धा जोडून देतो. "आज्जी, उचलून बघ की," म्हणाली. मी उचलली. खरं सांगते, मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय, इतकी हलकी. "ही स्टीलची? उगा काहीतरी सांगू नको." तर म्हणाली, "स्टीलचीच गं. आता नळ्या लई पातळ काढतात. पण सांभाळली तर तुझ्या पतवंडापर्यंत चालंल." मग तिनं विचारलं, "तुमच्या घरात होती ना सायकल? तुला काय वाटतं, कुठली घेऊ?" मी चहाला आधण ठेवायचं निमित्त करून आत गेले. चहा झाला, गार झाला, तरी मला बाहेर येववेना.

त्या सायकलीबद्दल मी आजवर कुणाशीच धड बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, मुलांशी नाही. मला बोलू नको म्हणणारं माणूस आता राहिलं नाही, आणि ज्याच्यापासून लपवायचं तेही राहिलं नाही. म्हणून लिहिते.

आमचं गाव जोयड्यापासून दिग्गीच्या अंगाला, जंगलात आत. गाव म्हणायचं आपलं, मोजकी घरं आणि त्यांच्यामधे भाताची खाचरं. पहाट व्हायची ती आईच्या जात्यानं. नाचणी दळताना ती गाणं म्हणायची नाही, जात्याशी भांडायची. "फिर की मर्दा, का हात धरलाय तुजा कुनी?" मग डोक्यावरून धनेश जायचे, त्यांच्या पंखांचा आवाज असा मोठा की कौलं हलतात की काय वाटावं. सकाळी अंबील, दुपारी भात आणि रातांब्याचं सार, थंडीत उकडलेले कणगाचे कंद, आणि आप्पांना कुठं झाडावर घरटं सापडलं तर तांबड्या मुंग्यांची चटणी. ती चटणी आज कुणी पाहुणा घरी आला की मी मुद्दाम वाढते आणि त्याचं तोंड बघत बसते. आईचं माहेर सुप्याच्या धरणात गेलेलं. त्यामुळे तिला सणाला जायला जागाच नव्हती, सगळे सण ती आमच्याच घरात दामदुपटीनं करायची.

आप्पा म्हणजे माझे वडील. शेती आणि कुपावरचं, म्हणजे जंगलखात्यानं तोडीला काढलेल्या पट्ट्यातलं, बांबूतोडीचं काम करायचे. अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं, पण वस्तूंवर भारी जीव. कोयत्याची मूठ तेलानं पुसल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. असे आप्पा एक दिवस रामनगरहून काळी सायकल घेऊन चालत आले. चालत, कारण त्यांना सायकल येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. बैलाची वेसण धरावी तसं ते हँडल धरायचे आणि तिच्या अंगाअंगानं चालायचे. सायकल आणलेली माझ्या थोरल्या भावासाठी, म्हादेवासाठी. आणि म्हादेवानं ती मागितलेली माझ्यासाठी. जोयड्याच्या हायस्कुलात मुलगी चालत जाऊन परत यायची म्हणजे दिवस मावळायचा, आणि वाटेत अस्वलं. तो स्वतः चौथीत शाळा सोडून आप्पांबरोबर कुपावर जाऊ लागला होता. आईनं "पोरीला शिकवून काय करायचं हाय?" म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "अव्वा, माजं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. घरातलं एक तरी शिकू दे की. मी सोडतो तिला, मी आनतो."

सई स्टील-अॅल्युमिनियमचं वजन ग्रॅमात सांगते तेव्हा मला म्हादेवाचा खांदा आठवतो. वाटेत ओढा होता. पावसाळा सरला तरी गुडघाभर पाणी असायचं. तिथं तो मला आधी पाठीवरून पलीकडे नेऊन सोडायचा, मग परत जाऊन सायकल खांद्यावर घ्यायचा. दांडा रुतून त्याच्या खांद्याला कायमचा वळ पडला होता. मी म्हणायचे, "दादा, जड हाय का रं?" तर म्हणायचा, "तुज्यापरीस हलकी हाय. तू भाकऱ्या कमी खा." चढाला मला उतरवायचा आणि उताराला म्हणायचा, "धर शेवंते घट्ट, आता बघ कशी सुटतीया." आणि मी डोळे मिटून त्याच्या सदऱ्याला धरायचे. टिकटिक टिकटिक असा चाकाचा आवाज, घंटी, आणि त्याची मोठमोठ्यानं शीळ. माझ्या आयुष्यात त्याच्यापेक्षा मोठं सुख आलं नाही. नवरा चांगला मिळाला, नोकरी मिळाली, मुलं गुणाची निघाली, तरी नाही.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन तुळशीपुढं मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, हे सगळीकडेच असतं. आमच्या घरात आणखी एक रीत होती. हत्यारांना पाणी पाजायचं. आई झऱ्याचं ताजं पाणी तांब्यात आणून ठेवायची, आणि आप्पा एकेकाच्या तोंडाला पाणी लावायचे, नांगराच्या फाळाला, कुऱ्हाडीला, कोयत्याला. वर्षभर राबलेत, त्यांनाही तहान असते, अशी आप्पांच्या वडिलांपासूनची समजूत. सायकल आली त्या वर्षी आप्पा तिच्यापुढं बसून बराच वेळ विचार करत राहिले. हिला तोंड कुठं? मग त्यांनी म्हादेवाला सीट उपसायला सांगितली. आत पोकळ नळी. आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी त्या नळीत तांब्या अलगद रिता केला आणि आत बुडबुड झाली तशी हसून म्हणाले, "बघ, पितीया."

म्हादेव म्हणाला, "आप्पा, लोखंडाला पानी बरं न्हाई म्हनतात."

"कोन म्हनतंय? लव्हार कोयत्याला पानी पाजतोय का न्हाई? पानी पिऊनच लोखंड तयार हुतंय. मग हिनं काय घोडं मारलंय?"

 म्हादेव वादात पडणारा नव्हता, बाप खूश आहे ना, झालं. आप्पांनी त्याच्याही पुढं जाऊन एक केलं. पायडलं जिथं जोडलेली असतात तिथं खालच्या बाजूला एक बारीक भोक होतं. ओढ्याची रेती आत जाईल म्हणून त्यांनी ते जंगली मधाच्या मेणानं पक्कं बुजवून टाकलं. दर खंडेनवमीला जुनं मेण काढायचं नाही, त्यावर नवं थापायचं. कोयत्याला लावलेलं पाणी ओघळून जमिनीवर जायचं. सायकलीचं पाणी कुठं जातं हे कुणी विचारलं नाही. वरून ती लखलखीत होती. आप्पा रोज रात्री जेवायच्या आधी तिला फडक्यानं पुसत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दांड्यावर बोटानं टिचकी मारून दाखवत, "ऐका, कसं खणखणीत हाय."

मी दहावीत होते. दिवाळी होऊन गेलेली, भात झोडून घरात आलेलं. म्हादेवाला त्या दिवशी दुपारी भाताचं पोतं जोयड्याच्या गिरणीवर टाकून, येताना मला घेऊन यायचं होतं. शाळा सुटली. मी फाटकाशी फणसाखाली उभी राहिले. सगळी मुलं गेली. मास्तर कुलूप लावून गेले. मला राग आला, म्हटलं गिरणीवर गप्पा मारत बसला असेल, येऊ दे, आज त्याच्याशी बोलतच नाही. मग रस्त्यावरून चार माणसं घाईघाईनं येताना दिसली, बांबूला घोंगडी बांधलेली, खांद्यावर बांबू. आमच्याकडे आजारी माणसाला असंच आणतात, म्हणून मला काही वाटलं नाही, कोण आजारी पडलं बघावं म्हणून मी पुढं झाले. मागून आप्पा पळत येत होते, अनवाणी. मला बघून ते थांबले नाहीत. घोंगडीतून बाहेर आलेला हात मी ओळखला.

ओढ्याच्या अलीकडचा उतार. पोतं कॅरिअरवर बांधलेलं. उतारावर सायकल खालून मोडली, पायडलांजवळची नळीच तुटली, आणि तो डोक्यावर दगडात पडला. आप्पा पोत्याला हात द्यायला म्हणून मागून चालत येत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत. जोयड्यात डॉक्टर म्हणाले दांडेलीला न्या. जीप मिळाली. जीप सुरू व्हायच्या आत म्हादेव गेला. मी त्याच्या पायाशी होते. त्याच्या पायाला रेती लागलेली होती, ती मी ओढणीनं पुसत बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

मी शाळेत पोरांना तीस वर्षं निबंध शिकवले. दुःखाचं वर्णन कसं करावं तेही शिकवलं. ते सगळं खोटं. दुःख झालं की माणसाला भूक लागते, लघवी लागते, डास चावतात, आणि ते सगळं होत असताना आपला माणूस नसतो. एवढंच.

मोडलेली सायकल कुणीतरी जोयड्याच्या बाजारात दावलभाईंच्या दुकानात नेऊन टाकली होती. दावलभाई सायकली दुरुस्त करायचे, म्हादेवाचे दोस्त. दिवस झाल्यावर त्यांनी निरोप धाडला की काय करायचं बघा. आप्पा उठले नाहीत. आई आणि मी गेलो. आईला ती सायकल घरी नको होती आणि दुसऱ्याच्या दारातही नको होती, असं तिचं चाललेलं. दावलभाईंनी सांगाडा उचलून आमच्यापुढं आडवा केला, तर तुटल्या नळीतून तांबडंकाळं पाणी आलं, गंजाच्या गाळासकट, आणि आईच्या पायावर पडलं. दावलभाईंनी नळीत बोट घातलं. पापुद्रे निघाले.

"आतनं सगळं खाल्लंय, वयनी. वरचा रंग तेवढा ऱ्हायलाता. पर यात येवढं पानी आलं कुटनं?"

आई पायावरच्या पाण्याकडं बघत होती. तिला कळलं. मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं. खंडेनवमी होऊन फार दिवस झाले नव्हते. ती मटकन खाली बसली, आणि मला वाटलं आता ही हंबरडा फोडणार. तिनं पदर तोंडात कोंबला. मग उठली, आणि दावलभाईंचे दोन्ही हात धरले.

"भाऊ, तुमच्या लेकराबाळांची आन हाय तुमाला. त्यांनी इचारलं तर लोखंड खोटं हुतं म्हना. दुसरं काय बोलू नका. एक गेला. ह्यांना हे कळलं तर हे बी जातील. मी दोगं घालवू का?"

"न्हाई बोलत, वयनी."

मग माझ्याकडं वळली. "आनि तू? सुम्म ऱ्हायाचं, तोंड उघडायचं न्हाई. मरंपतोर."

घरी आलो तेव्हा आप्पा पडवीत बसले होते. त्यांनी विचारलं, "कशानं तुटली म्हनाला दावल?" आई उंबऱ्यात पाय धूत होती. म्हणाली, "लोखंडच खोटं निघालं. आत जीव नव्हता त्यात." आप्पांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "खोटं लोखंड." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

त्या दिवसापासून आमच्या घरात लोखंडाला शिव्या सुरू झाल्या. आई तवा चुलीवर ठेवताना म्हणायची, "मुडदा बशिवला ह्या लोखंडाचा." विळीवर बोट कापलं, पोहऱ्याची कडी निसटली, की लोखंडाचा उद्धार. आणि पडवीतून आप्पा तिला साथ द्यायचे, "आग लागो त्या कारखान्याला. पैशासाठी पोरं मारत्यात." जेवणं होईपर्यंत दोघांचं हेच. पाहुणे आले की पाहुण्यांना तेच ऐकवायचं. गावात मग कुणीच त्या बनावटीची सायकल घेतली नाही. मला त्याचा वीट यायचा. बिचाऱ्या लोखंडानं काय केलं होतं? वर्षानुवर्षं आतून गंजत असताना पोत्यासकट आम्हाला वाहिलं होतं. पण आईचा शब्द होता, आणि आप्पा दिवसेंदिवस वाळत चालले होते, हे मला दिसत होतं. त्यांना कळता कामा नये, एवढ्यावर आमचं घर उभं होतं. पुढं दहावी होईपर्यंत आप्पा मला रोज चालत शाळेत सोडायचे आणि आणायचे, पावसात डोक्यावर इरलं घेऊन. त्या उतारावर आले की माझा हात धरायचे. सरळ, कोरड्या रस्त्यावरही सोडायचे नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला आप्पांनी हत्यारं धुतली, हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली. आईनं सवयीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती नैवेद्याला आत गेली. आप्पांनी तो उचलला आणि सगळा तुळशीच्या मुळाशी ओतला. मी बघत होते. मला वाटलं, पोरगा गेला, आता ह्यांचं मन कशात लागणार? पुढंही कधी त्यांनी हत्यारांना पाणी पाजलं नाही. मी त्याचा तेवढाच अर्थ लावला. हुशार म्हणवून घेते स्वतःला.

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी मी चहा परत ऊन करून बाहेर नेला तर सईनं सायकल उलटी करून ठेवली होती आणि मला खालचं भोक दाखवत होती. "हे बघ, आत पाणी गेलं तर इथून निघून जातं. आणि आतून तेलाचा फवारा मारायचा वर्षातून एकदा, म्हणजे स्टीलला काही होत नाही." मी म्हटलं, "स्टीलचीच घे." ती चकित झाली. म्हणाली, "का गं?" मी म्हटलं, "लोखंड चांगलं असतं बाळ. ते मरेपर्यंत सोसतं. आणि आतून काय चाललंय ते बघायची अक्कल आता तुम्हाला आहे. ते भोक कधी बुजवू नको. कुणी कितीही मायेनं सांगितलं तरी." तिनं त्या भोकावरून बोट फिरवलं आणि सायकल सरळ केली. पोर शहाणी आहे.

आई आधी गेली. मी तोवर मास्तरीण झाले होते, रामनगरला संसार होता. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं तिला. शुद्धीत असेपर्यंत ती मला खुणावत होती, ओठावर बोट ठेवून, आणि मी मान हलवत होते. तिच्या जिवाला जाताना देवाचं नाव सुचलं नाही, ती आप्पांची राखण सुचली.

बाराव्याची माणसं जेवून गेली. दुपारची वेळ, मी भांडी आवरत होते. जड लोखंडी कढई माझ्या हातातून निसटली आणि दणकन फरशीवर आदळली. मी थांबले. इतक्या वर्षांची सवय, पडवीतून आता शिवी येणार म्हणून कान तिकडं लागले. आली नाही. मी बाहेर जाऊन बघितलं. आप्पा खांबाला टेकून बसलेले, डोळे उघडे.

म्हटलं, "आप्पा, बरं हाय ना? आज काय बोलला न्हाई लोखंडाला?"

ते म्हणाले, "लोखंडाचा काय दोष हाय?"

 मी तिथंच खाली बसले.

"मी वड्यावरच बघितलंतं, शेवंता. म्हादेवाला उचलायला वाकलो, तवा तुटल्या नळीतनं पानी गळत हुतं. त्याच्या सदऱ्यावर गळत हुतं. मीच पाजलेलं."

"मग आईला का न्हाई सांगितलं, आप्पा? येवढी वर्सं?"

"ती दावलाकडनं आली आनि लोखंड खोटं म्हनाली. तिचं तोंड बघितलं मी. माजा जीव ऱ्हावा म्हनून येवढं मोटं खोटं बोलली ती बाई, पोटचं पोर जाऊन. त्यावर मी काय बोलू? ती शिव्या द्यायची ती माज्यासाठी. तिला वाटू दे मला ठाव न्हाई, म्हनून मग मी बी द्यायचो, तिच्यासाठी."

मी त्यांचा हात धरला.  त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी लहान पोरानं विचारावं तसं विचारलं.

"आता ती गेली. आता कुनासाठी देऊ?"